अण्णासाहेबांची जर्मन दुर्बीण

वकील अण्णासाहेब शिकारीला निघताना रायफलीवरची दुर्बीण मलमलीने पुसत आणि पुसता पुसता तिचं कुळ सांगत. "जर्मन मुळात सूक्ष्मदर्शक करणारे. काचेवर त्यांच्या पिढ्या गेल्या. इंग्रज पडले बंदूकवाले; काच त्यांना मागाहून सुचली. म्हणून आपली काच जर्मन अन् दुनळी रायफल विलायती. जनावर अंगावर आलं तर दुसरी गोळी तयार पाहिजे, काय?" निजामीच्या अखेरच्या काळात नांदेडला मी त्यांच्या हाताखाली वकिली करत होतो. कज्जा असो की शिकार, त्यांना डगमगलेलं मी पाहिलं नव्हतं.

हदगावकडच्या एका खेड्यात बिबट्या माणसं उचलू लागला. तिथला मारुती नावाचा शेतकरी कचेरीत येऊन रडला. "साहेब, माय गेली. हाडूकसुदीक गावलं न्हाई. क्रियाकर्म कशाचं करू?"

अण्णासाहेब मलाही घेऊन मारुतीबरोबर निघाले.

उन्हं कलताना ओढ्यापलीकडच्या खडकावर बिबट्या दिसला. अण्णासाहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि तसेच थिजले. मग रायफल माझ्याकडे देत पुटपुटले, "तुम्ही बघा जरा."

काचेत बिबट्याशेजारी एक म्हातारी बसली होती. एक हात त्याच्या पाठीवर, दुसरा आमच्याकडे वर केलेला. थांबा म्हणावं तसा. डोळा बाजूला घेतला, तर खडकावर नुसता बिबट्या.

"गावात लेकरं आहेत," अण्णासाहेब स्वतःशीच म्हणाले. रायफल माझ्याकडून परत घेऊन त्यांनी दुर्बीण उतरवली आणि नुसत्या डोळ्याने नेम धरून गोळी झाडली. बिबट्या जागीच लोळला.

खडकाच्या कपारीत हाडं होती आणि चांदीचं कडं. ते मारुतीने ओळखलं. ओढ्याकाठी अग्नी दिल्यावर त्याने विचारलं, "साहेब, काचेतून काय बघून राहिले होते तुमी?"

"तुझी माय. निवांत बसली होती."

मारुतीने त्यांचे पाय धरले. बैलगाडीत बसल्यावर मात्र अण्णासाहेब हळूच म्हणाले, "तिचा हात दिसला ना तुम्हाला?"

"दिसला."

 त्यानंतर त्यांनी रायफल पुन्हा हातात धरली नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात मी उशाशी होतो. भर दुपारी ते एकाएकी उठून बसले, समोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहत त्यांनी हात जोडले.

"बाई," म्हणाले, "आता तरी हात खाली घ्या."

दिवेलागणीच्या आत ते गेले.