डॉक्टरच्या पसंतीचा रेडिओ

विमानाच्या रेडिओचा विषय निघाला की हल्ली मी उठून बाल्कनीत जातो. पण आज तुम्ही सगळे आपलेच आहात, म्हणून सांगून टाकतो. माती सगळेच खातात हो. मी ती आकाशात जाऊन खाल्ली.

माझं आणि डॉक्टर वानखेडेचं मिळून एक विमान आहे. म्हणजे होतं. दचकू नका. दोन माणसांचं, जवळजवळ आमच्याच वयाचं आणि आमच्यापेक्षा जास्त खोकणारं. मी दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. तो मूळचा नागपूरचा, दिल्लीत सरकारी हॉस्पिटलात. वीसेक वर्षांची दोस्ती, उडायचं लायसन्सही आम्ही बरोबरच काढलं. पानिपतच्या पुढे एका छोट्या धावपट्टीवर आमचं विमान उभं असायचं.

उभंच जास्त असायचं, कारण रेडिओ. खाली कंट्रोल रूमशी बोलायचं ते यंत्र. कधी नुसती खरखर, कधी मुकं. डबा एवढासा, पण विमानाचा म्हटला की त्याच्या स्क्रूलासुद्धा सर्टिफिकेट लागतं, आणि ते सर्टिफिकेट स्क्रूपेक्षा महाग. डबा काढा, बंगळुरूला पाठवा, वाट बघा, बिल भरा. परत बसवला की परत खरखर. मी म्हटलं, नवाकोराच घेऊ. डॉक्टर म्हणाला, तेवढ्यात माझ्या मुलीची फी निघेल, नीट दुरुस्त केलेला जुना मिळतोय, तो घेऊ. यावरून आमची बरेच दिवस धुसफुस चालली. शेवटी त्याच्या पसंतीचा आला.

नेमका तेव्हाच माझा मेहुणा नितीन पुण्याहून आला होता. रविवारी त्याला शेजारी बसवून मी उडालो. डॉक्टर खाली कंट्रोल रूममध्ये, इन्स्ट्रक्टर दहियासाहेबांबरोबर चहा घेत बसला. रेडिओ कसा चालतो ते त्याला ऐकायचं होतं.

वर गेलो. आवाज खणखणीत. आणि मला अवदसा आठवली. म्हटलं, फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकू. मोबाइलचा क्लॅम्प समोरच्या हँडलला करकचून आवळला. थोड्या वेळानं लक्षात आलं, खालून कोणीच बोलत नाहीये.

माझं डोकं फिरलं. मग मी नितीनला सगळं ऐकवलं. डॉक्टर किती चिक्कू, विमान कसं पोतं टाकल्यासारखं उतरवतो, त्याच्यापायी आज आपण मुके होऊन लटकतोय. नितीन बिचारा म्हणाला, "पण भाऊजी, दोस्त आहेत ना तुमचे?"

"कसली दोस्ती? मला एकट्याला हे विमान परवडत नव्हतं. अर्धा खर्च द्यायला कोणीतरी हवं होतं, हा सापडला."

हे मी का बोललो? खरं होतं का? आजही मला सांगता येत नाही.

रेडिओ बंद पडला तर धावपट्टीभोवती घिरट्या घालायच्या आणि खालच्या दिव्याकडे बघायचं, असा नियम. हिरवा दिवा दिसला, मी झोकात उतरलो. विमान थांबवलं, मोबाइल काढायला क्लॅम्प सैल केला, आणि कानात दहियासाहेबांचा आवाज आला, "सर, अब सुनाई दे रहा है?"

हँडलवर एक बटण असतं. ते दाबलेलं असलं की तुमचं बोलणं खाली जातं, आणि तोवर खालचं तुम्हाला ऐकू येत नाही. माझा क्लॅम्प बरोबर त्या बटणावर बसला होता.

कंट्रोल रूममध्ये गेलो. दहियासाहेबांनी आधी झापलं, कारण माझ्या बडबडीमुळे शिकाऊ पोरांची विमानं वरच अडकली होती. मग हसायला लागले. "मराठी हमें कहाँ आती है? डॉक्टर साब से पूछा, क्या बोल रहे हैं. बोले, मेरी तारीफ कर रहा है. इतनी लंबी तारीफ, यार."

डॉक्टर खिडकीशी उभा होता. त्यानं कप खाली ठेवला आणि मराठीत म्हणाला, "शब्द न् शब्द स्पष्ट आला. रेडिओ चांगला आहे."

दिल्लीपर्यंत आम्ही एकाच गाडीतून आलो. तो वाटभर नितीनशी पुण्याबद्दल बोलत होता. त्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, माझा हिस्सा तूच घे, पैसे सवडीनं दे. मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला, म्हणाल्या ते ड्यूटीवर आहेत. त्याचे बूट दाराशीच होते. मी चहा संपवून निघालो.

आता सगळा खर्च माझा. शेजारची सीट रिकामी. रेडिओ मात्र एकदाही बिघडलेला नाही, बिघडला असता तर बरं वाटलं असतं.

दहियासाहेबांना अजून पत्ता नाही. दर रविवारी विचारतात, डॉक्टर साब नहीं आए? मी सांगतो, ड्यूटी आहे. मग ते नव्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "इनसे सीखो. ऊपर जाकर भी दोस्त की तारीफ करते हैं."

मी म्हणतो, "बिल्कुल."