गुरुवारचं प्रस्थान

आमच्या ह्यांना पंचांगात काय दिसतं ते त्यांनाच ठाऊक. गुरुवारी दक्षिणेला जायचं नाही म्हणजे नाही. सौंसरहून नागपूरला डोळे दाखवायला जायचं असलं, आणि तो गुरुवार निघाला, तर बुधवारीच एक पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवतील. तिच्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अंगावरचा एखादा कपडा. ह्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. चांगल्या दिवशी पिशवी घराबाहेर पडली की माणूस निघाल्यासारखाच. मग दुसऱ्या दिवशी जाताजाता ती उचलायची आणि पुढं चालू लागायचं. घरी मात्र परत आणायची नाही; आणली तर प्रवास मोडला असं धरतात. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि तीस वर्षं ही पिशवी पाहिली. संत्र्याच्या झाडाला एक वेळ समजावता येईल, ह्यांना नाही.

फक्त एकदाच त्यांनी प्रस्थान ठेवलं नाही. आमची पोरगी जहाजावर नोकरीला गेली तेव्हा.

एकुलती एक पोरगी. नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि एक दिवस सांगितलं, की मोठ्या प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली, चेन्नईहून चढायचं आहे. "पाण्यावर कोणी घर करते का?" हे म्हणाले. "घर नाही करून राहिली बाबा, नोकरी करून राहिली," ती म्हणाली. बाप तशी लेक. दोघांच्याही नाकावर माशी बसत नाही. ती निघाली तो नेमका गुरुवार, आणि चेन्नई पडलं दक्षिणेला. आदल्या दिवशी मी वाट पाहिली, आता पिशवी मागतील, मग मागतील. हे बगीच्यात जाऊन बसले. पोरीच्या हातावर दही मीच ठेवलं. बस निघाली तरी हे आले नाहीत.

तेव्हापासून बोलणं बंद. तिचा फोन आला की ह्यांना बगीच्यातलं पाणी आठवायचं. दारात चप्पल शोधायला मात्र चांगली पाच मिनिटं लागायची, आणि मीही मुद्दाम मोठ्यानं बोलायची, "काय म्हणतेस, ताप आला?" की बाहेर सगळं चिडीचूप. वर्ष होत आलं, आमचा संसार हा असा चालला होता. मला तर पोरीची इतकी आठवण यायची, की बाजारात पाठमोरी कुणाची वेणी तिच्यासारखी दिसली तर मी तिच्यामागं चार पावलं जायची. म्हातारपणी हे काय चाळे, असं वाटायचं. तरी जायची.

मग तिनंच आम्हा दोघांची तिकिटं काढली. तिचं जहाज चेन्नईहून शुक्रवारी निघून तीन दिवसांनी परत तिथंच येणार होतं. "बाबांना सांग, माझ्या हातचं जेवायला या म्हणावं." मला वाटलं, आता तांडव होईल. ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे गुरुवारी निघा लागते." एवढंच. अगं बाई, म्हणजे येणार! मी देवापुढं साखर ठेवली.

बुधवारी सकाळीच हे पिशवी घेऊन पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले. चेन्नईची गाडी तिथूनच धरायची होती, आणि माझ्या नणंदेचं घर तिथं स्टेशनाजवळ आहे. पिशवी तिच्या देवघरात ठेवली आणि संध्याकाळी परत आले. मी तोवर दोन मोठ्या बॅगा भरल्या. समुद्रावर थंडी वाजते की घाम येतो कोण जाणे, म्हणून दोन्हीचे कपडे घेतले. जवसाची चटणी घेतली. वरून आमच्या बगीच्यातल्या संत्र्यांची एक टोपली.

गुरुवारी नणंदेनं पाटोडीचा रस्सा असा काही वाढला की आम्हाला उठवेना. तेवढ्यात गाडी आल्याचा पुकारा. गाडी थांबते दोन मिनिटं आणि आमचा डबा पार त्या टोकाला. दोन बॅगा, टोपली, पाण्याची बाटली, आणि माझे गुडघे! कसेबसे चढलो. गाडी सुटून अर्धा तास झाला नसेल, तोच नणंदेचा फोन. "वहिनी, दादाची पिशवी इथंच राहिली वो!"

मी हसून हसून बेजार. "घ्या! माणूस गाडीत आणि प्रस्थान देवघरात!" हे हसले नाहीत. शर्टाच्या खिशावर हात ठेवून तसेच बसले. मी म्हटलं, "तांदूळ-सुपारीच तं आहे. चेन्नईत मिळत नाही का?" नागपूर आलं तसे उठले, खाली उतरले, फलाटावर उभे राहिले. मला वाटलं, अपशकुनाला भिऊन परत निघाले. मग माझं डोकं फिरलं. खिडकीतूनच सुनावलं, "जायचं तं जा परत! मी एकटी जाते. पोरीपेक्षा पंचांग मोठं झालं का तुम्हाले?" चार लोक वळून पाहू लागले. हे वर आले आणि जागेवर बसले. "पोहोचू दे आधी," म्हणाले. पुढं टीसी आला, त्याला ह्यांनी मोबाईलमधलं आधार कार्ड दाखवलं. त्यानं मान डोलावली, म्हणून मला कशाची शंकाही आली नाही.

बंदरावर दारातच फोनमधली तिकिटं पाहून लोकांनी आमच्या बॅगा घेतल्या, खोलीचा नंबर बांधला आणि पट्ट्यावर सोडल्या. बॅगा निघून गेल्या. संत्री तेवढी परत दिली. बाहेरचं फळ आत चालत नाही म्हणे. पुढच्या खिडकीवर बाईनं आधार कार्ड मागितलं. ह्यांनी मोबाईल पुढं केला. तो चालेना. खरं कार्डच पाहिजे.

"पिशवीत आहे," हे हळूच म्हणाले.

"कोणत्या पिशवीत?"

"पांढुर्ण्याच्या. दोघांचेही. त्यावर फोटो आहेत ना आपले. मनात आलं, पक्कं होईल प्रस्थान. आपण स्वतःच निघाल्यासारखं."

आता का करा! मी डोक्याला हात लावून तिथंच बाकावर बसले. हे शेजारी बसले आणि म्हणाले, "मले गाडीतच ध्यानात आलं होतं. नागपूरले उतरून कार्ड आणतो म्हटलं असतं, तं जहाज गेलं असतं. म्हटलं, जहाज नाही तं नाही. पोरगी तं दिसन."

वर्षभर चपला शोधणारा माणूस हे बोलला. मला गाडीत ह्यांना सुनावलेले सगळे शब्द आठवले, आणि रडू आलं.

पोरीला निरोप गेला. ती पांढऱ्या कोटात धावत आली आणि कठड्याच्या पलीकडे उभी राहिली. वीस मिनिटांची परवानगी होती. पोरगी वाळली होती. मी तिचे हात धरले, बोटांवर भाजल्याचे डाग होते. ती बापाकडे पाहत होती. हे टोपलीतलं संत्रं सोलत होते. एकेक फोड कठड्यावरून तिच्या हातात देत म्हणाले, "गुरुवारी गेली होती तू. मी प्रस्थान नाही ठेवलं तुझं. चुकलं माझं." ती फोड तोंडात धरूनच रडायला लागली. हे सालपटं शर्टाच्या खिशात भरत राहिले.

मग तिला बॅगांची आठवण झाली. "थांबा, उतरवून आणते."

"राहू दे," हे म्हणाले. "कार्ड नाही हे माहीत होतं मले. तरी दिल्या. तुझ्यापाशी ठेव."

"अवो बाबा, सगळे कपडे आहेत तुमचे त्यात!"

"असू दे ना."

आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी परत आलो. संत्री गाडीच्या डब्यात वाटली.

ह्याला पाच महिने झाले. आता फोन वाजला की माझ्या आधी हेच उचलतात, मला शेवटची दोन मिनिटं मिळतात. आईला काही मन आहे की नाही! पुढच्या महिन्यात तिला सुट्टी आहे. मी तिच्या खोलीतली गादी उन्हात घातली आहे, रोज घालते. परवा तिनं विचारलं, "बाबा, येताना बॅगा घेऊन येऊ का?"

"अजिबात नाही!" हे ओरडलेच. "त्या घरी आल्या तं प्रवास मोडते. तू ये फक्त. परत जाशीन तेव्हा आम्ही येतो तुझ्या संगं."

"बरं. मग चांगला वार पाहून ठेवा."

"वार काय पाहा लागते आता," हे म्हणाले. "सामान तं कवाचंच निघालं आहे."