सासऱ्यांवरची बंदी

दातांच्या दवाखान्यात फोन उचलणाऱ्या, दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्याच सासऱ्यांची तक्रार करून त्यांच्यावर बंदी आणली, अशी कुजबूज एकदा आमच्या इमारतीत उठली. लिफ्ट बंद होती, तरी बातमी पाचव्या मजल्यापर्यंत धापा न टाकता पोचली. बंदी कसली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण बाई दिसायला अगदी गरीब, त्यामुळे सगळ्यांचा लगेच विश्वास बसला.

बाईंना नाद एकच. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं असा जो इंटरनेटवरचा ज्ञानकोश असतो, तिथली नासधूस निस्तरायची. कुणी एखाद्या राजाच्या पानावर शिव्या लिही, कुणी नदीच्या पानावर स्वतःचा मोबाइल नंबर टाकी. दोन पेशंटांच्या मधे जो वेळ मिळे, त्यात बाई ती घाण काढून पान पहिल्यासारखं करून ठेवीत. एवढ्या वर्षांत तिथे त्यांच्या शब्दाला वजन आलं होतं. दवाखान्यात डॉक्टर त्यांना चहा सांगायला लावत, घरी नवरा मोजे कुठे आहेत ते विचारी. मान मिळायचा तो तिथेच.

मग एक नवाच उपद्रवी उगवला. शिवी नाही, थट्टा नाही, नुसता मजकूर पुसायचा. गांडूळ पुसलं, ज्वालामुखी पुसला, वटवाघूळ तर अर्धंच ठेवलं. नाव नाही, फक्त इंटरनेटच्या जोडणीचा क्रमांक. बाईंनी सगळं परत लावलं, ताकीद दिली, पुन्हा दिली आणि शेवटी तिथल्या व्यवस्थापकांकडे तक्रार केली. त्यांनी त्या जोडणीवर एका दिवसाची बंदी घातली. बाईंनी घरी येऊन लॅपटॉप उघडला, तर अडकल्या त्या स्वतःच. जोडणी त्यांच्याच घरची होती.

जोडणी बाईंच्याच घरची, हे व्यवस्थापकांनाही दिसलं आणि त्यांचा निरोप आलाच. "एका हाताने पुसायचं आणि दुसऱ्या हाताने लावून शाबासकी घ्यायची, असं तर नाही ना? उद्यापर्यंत खुलासा करा, नाहीतर तुमचं खातं कायमचं बंद करावं लागेल."

"तू केलंस हे?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मी? ज्वालामुखी?" तो म्हणाला. "मला घरातला पुरतो."

बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या, तेवढ्यात सासरे टॅबलेट घेऊन आले. हे निवृत्त शाळामास्तर. दुपारभर काहीबाही वाचत बसायचे.

"सूनबाई, तू दिलेली ही पाटी बिघडली. आज पुसूच देत नाही."

"काय पुसायचंय, बाबा?"

"वाचून झालेलं. पानावरच्या त्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं की एकेक भाग सुटा उघडतो, मधे चित्रं लुडबुडत नाहीत. वाचायचं, पुसायचं, निळं बटण दाबायचं. नाहीतर ते विचारत बसतं, केलेलं काम वाया घालवू का म्हणून."

"पण पुसायचं कशाला?"

"अगं, तास संपला की फळा पुसूनच वर्गाबाहेर पडायचं. पुढच्या मास्तरने आपला पसारा का आवरावा?"

"आणि वटवाघूळ अर्धंच का?"

"मधेच डोळा लागला."

हा फळा सगळ्या जगात मिळून एकच आहे, हे बाईंनी समजावून सांगितलं, तेव्हा मास्तरांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी दुसऱ्यांचं लिहिलेलं पुसत होतो?"

"सगळं परत लावलंय मी. एक ओळ गेलेली नाही."

"नक्की?"

"वटवाघळासकट."

मग कुठे मास्तर खुर्चीत टेकले आणि ग्लासभर पाणी प्यायले.

बाईंनी घडलं तसं लिहून कळवलं. तासाभरात उत्तर आलं: "या कारणाने झालेली नासधूस आम्ही पहिल्यांदाच पाहतो आहोत. तुमच्यावर शंका घेतली, माफ करा. बंदी उठवली आहे. सरांना म्हणावं, फळा राहू द्या, आम्ही पुसतो."

बाईंच्या जिवात जीव आला. जिन्यात बसून त्यांनी बहिणीला फोन लावला आणि हसता हसता म्हणाल्या, "ताई, तक्रार मीच केली, आणि बंदी आली सासऱ्यांवर." वरच्या मजल्यावरच्या काकू तेव्हा कुंड्यांना पाणी घालत होत्या.

तक्रार सुनेनेच केली होती. बंदी घरच्या इंटरनेटवर होती, आणि ती त्याच संध्याकाळी उठली.