आबांनी न केलेली सही

हत्यारं मोजल्याशिवाय आबा विमानाचं इंजिन झाकत नसत. जळगावच्या हँगरमध्ये शेठचं चार आसनी विमान असायचं. आबा त्याचे इंजिनिअर, मी त्यांचा मदतनीस. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली होती. काम संपलं की आबा विचारत, "बठ्ठा पाना जागावर शेतस का?" एक जागा रिकामी दिसली तरी त्यांची सही होत नसे, आणि सहीशिवाय विमान हलत नसे.

"इमान उडस कमी, उभं ऱ्हास जास्त," ते म्हणत. म्हणून रोज सकाळी टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून, पाणी आहे का ते उन्हात धरून बघत. नळ्यांमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय का, तेही तपासत. मी चिडून म्हणायचो, "आबा, आज विमान निघणारच नाही." ते म्हणत, "माशीले कोन सांगी?"

सहा वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगच्या दिवशी दहा नंबरचा पाना सापडेना. "तू नेला का रे?" आबांनी विचारलं. मी नाही म्हणालो; तेव्हा खरंच आठवत नव्हतं. आबांनी सीट काढल्या, तळाच्या पट्ट्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंप्राळ्यात घरी जेवायला गेलो, स्कूटरची डिकी उघडली, तर पाना तिथेच. आदल्या दुपारी तिची बॅटरी आवळायला मीच नेला होता.

परतलो तेव्हा शेठ ओरडत होते, "एका पान्यापायी माझी भोपाळची मीटिंग गेली! सही करा, नाहीतर घरी जा." आबांनी हात पुसले. "मी जास घर," म्हणाले. मी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं काही नाही. शेठनी दुसऱ्या इंजिनिअरची सही घेतली आणि विमान उडालं.

गेल्या महिन्यात सोनगीरला आबांच्या घरी गेलो आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो.

"म्हंजे इमानमा नव्हता?"

"नव्हता, आबा."

त्यांनी खांबाला पाठ टेकली. "सहा वरीस मी रोज पेपर देखस," म्हणाले, "ते इमान पडनं का काय म्हनीसन."