बायकोच्या नजरेसाठी बागेत लावलेले दिवे

गेल्या वर्षी चौदा एप्रिलला दिव्यांसाठी अठरा हजार चारशे रुपये मोजले. तेव्हा घरी मी, बायको आणि इलेक्ट्रिशियन होतो.

तिरोड्यातल्या आमच्या परसात पाच काळे दगड, दाताळ्याने ओळी ओढलेली पांढऱ्या बारीक खड्यांची बजरी आणि छोटं तळं आहे. जपानी पद्धतीची ही बाग बायकोने चित्र पाहून मांडली. पुढे तिच्या डोळ्यांचा पडदा निकामी होऊ लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उपाय नाही. दिवसाचं ऊन तिच्या डोळ्यांना सोसत नव्हतं, सांज झाली की दिसायचं नाही. उरला दिव्यांचा उजेड. तिला बाग जितके दिवस दिसेल तितके दिवस दाखवायची, एवढंच मला कळत होतं.

उन्हाळ्यात भिंतीवरून पांढरे दिवे सोडले. ती म्हणाली, "नुसती चादर टाकल्यावानी दिसते." मग दगडांमागे जमिनीलगत पिवळे दिवे ठेवले. तिने दोन दगड ओळखले. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पावसाळ्यात पिवळ्याने भागेना, म्हणून पुन्हा पांढरे लावले. परसाला लागूनच शेजाऱ्याची बांधी, म्हणजे भाताचं खाचर; धान निसवण्यावर, लोंब्या फुटायच्या बेतात आलेलं. तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "भाऊ, रातभर लाइट काऊन लावून राहिले? सारे तुडतुडे माझ्या धानात उतरून राहिले. जपान तुमच्या घरी, नुकसान माझ्या घरी!"

त्याचं खरं होतं. धान कापेपर्यंत दिवे बंद ठेवले. ते आठवडे मला विकत घेता आले असते, तर मी काहीही विकलं असतं.

कापणीनंतर सगळे दिवे एकदम लावले. ती खुर्चीत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "लावा ना आता."



थंडीत आणखी मोठे दिवे आणले. धुक्यात सगळं परस पांढरं झालं. ती दिसत असल्यासारखी उगाच मान फिरवत राहिली, मला बरं वाटावं म्हणून. शेवटी दिवे काढायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं. शिडीचा आवाज ऐकून ती बाहेर आली.

"कायले काढता? मी बसतो तवा लागू द्या. आंधळी अंधारात बसली, असं लोकाईनं म्हणू नये."

त्याने शिडी उतरवली. दिवे काढले नाहीत. येण्याजाण्याचे दोनशे रुपये त्याला दिले.