शिंगं सरळ का पसरट?

“शिंगं कशी हाईत? सरळ का पसरट?”

गोंडे मागायला कुणीही येवो, मामांचा पहिला प्रश्न हाच. नाव-गाव नंतर. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, बैलाच्या शिंगांना लोकरीचे रंगीत गोंडे बांधतात, ते तुम्हीही पाहिले असतील. मामा (सगळेच त्यांना मामा म्हणायचे) ते हातानं करायचे. कोल्हापुरात गंगावेशीत माझ्या नेट कॅफेला लागूनच त्यांची खोली होती आणि तिथली लोकरीची तुसं उडून माझ्या कीबोर्डात बसायची. आख्ख्या गल्लीत मला वैताग द्यायला हा एकच माणूस पुरेसा होता.

शिरोळकडच्या गिऱ्हाइकांनी ट्रॅक्टर घेतले तसं मामांचं काम आटत गेलं. एका बेंदराला तर केलेले गोंडे खोलीत तसेच लटकत राहिले. त्यानंतर ते कॅफेत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “मालक, पोरं कॉम्प्युटरवर आपापलं फोटू लावत्यात, तिथं आमचं गोंडं लावा की. कुठंतरी बैलं असतीलच न्हवं.”

त्या दिवसांत सगळं कोल्हापूर एकाच साइटवर पडीक असायचं. आपलं पान उघडायचं, फोटो लावायचे, खाली लोक काहीबाही लिहायचे. चुटकीसरशी होणारं काम, असं मला वाटलं.

मी गोंडे टेबलावर मांडून फोटो काढायला गेलो, तर मामांनी ते उचलूनच घेतले. “असं मोकळं दावायचं न्हाय. डोस्क्याबिगर फेटा कोण दावतंय व्हय?”

झालं. म्हणजे बैल हवा. रविवारचा धंदा बुडवून, गाडीवर मागं मामा आणि त्यांच्या मांडीवर गोंड्यांची पिशवी, असे आम्ही पंचगंगेपलीकडं बैल शोधत हिंडलो. मिळाला तो फोटोपुरतीही मान स्थिर ठेवेना. मामा त्याच्या कानाशी लागून गप्पा मारत होते आणि मी शेणात गुडघे टेकून ‘मामा, बाजूला व्हा’ म्हणून ओरडत होतो.

मामांच्या नावानं पान उघडलं, फोटो लागला. खाली मी झोकात लिहिलं, ‘हाताने केलेले लोकरीचे गोंडे.’ त्यावर पहिल्यानं विचारलं, ‘बैल केवढ्याला?’ दुसऱ्यानं विचारलं, ‘खिलार जातीचा आहे का?’ गोंड्यांबद्दल कुणाचं अवाक्षर नाही. मी चरफडत हे वाचून दाखवलं, तर मामा खूश.

“बैल बगत्यात न्हवं? म्हंजे गोंडं बरोबर बसलंय.”

मी ‘बैल विकायचा नाही’ म्हणून खाली लिहून टाकलं.

शेवटी पुण्याच्या एका बाईंनी खरोखर गोंड्यांची चौकशी केली. मी हरखलो. मामांनी आपला नेहमीचा प्रश्न लिहायला लावला. बाईंचं उत्तर आलं, बैल नाही, हॉलमध्ये भिंतीवर लावायचे आहेत.

“भिंतीला कुठली शिंगं?” मामा म्हणाले. “न्हाय म्हणून सांगा.”

मी भडकलो. “मामा, बैल राहिले नाहीत म्हणून तर इथं आलाय न्हवं? मग भिंत तर भिंत.”

ते स्क्रीनवरच्या बैलाकडं बघत राहिले. “तुमचं बरोबर हाय,” ते हळूच म्हणाले. “पर करताना मला बैल दिसाय पायजे वो. भिंत दिसली तर हात चालंल कसा?”

मी नकार लिहून टाकला. पुढं बरेच दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

मग पुण्यात नोकरी करणाऱ्या चंदगडच्या एका माणसानं लिहिलं. गावी वडिलांकडं अजून बैलजोडी होती. मामांचा प्रश्न गेल्यावर त्यानं घरी फोन करून शिंगांचं माप मागवलं आणि वितीत कळवलं. ते ऐकताना मामांची बोटं हवेतच लोकर गुंडाळायला लागली होती.

गोंडे तयार झाले, पण कुरिअरनं पाठवायला मामा राजी होईनात. “आनि बांधायचं कुणी?” बेंदराच्या आदल्या दिवशी भर पावसात एसटीनं चंदगडला निघाले. मी माझा कॅमेऱ्याचा मोबाइल त्यांच्या पिशवीत कोंबला, कुठलं बटण दाबायचं ते पुन्हा पुन्हा दाखवलं. एकच फोटो आणा म्हणालो.

परत आले ते शिंकत. मोबाइलमध्ये एकही फोटो नव्हता.

“पाऊस हुता,” ते म्हणाले. “आनि बगतच बसलो.”

“अहो, मग लोकांना कळणार कसं?”

“बैलाला कळलं की.”

मी कपाळावर हात मारला. पण त्यांचा चेहरा अगदी निवांत होता. या माणसावर आपला जीव आहे, हे मला त्या वैतागातच कळलं.

पुढचा बेंदूर मामांना दिसला नाही. थंडीत छातीचं दुखणं झालं आणि ते गेले. त्यांच्या खोलीत मोबाइल रिचार्जचं दुकान आलं. साइटवरचं त्यांचं पान काढून टाकायचं मात्र माझ्या जिवावर आलं.

बेंदराच्या तोंडावर एका दुपारी कॅफे रिकामा होता म्हणून ते पान उघडलं. राधानगरीच्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘आमच्या घरची बैलजोडी आहे. असे गोंडे मिळतील का? शिंगं पसरट आहेत.’

मामांचे जुने प्रश्न त्यानं वाचले असावेत. न विचारता शिंगं सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. मामांना वाचून दाखवायला मी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेलोसुद्धा.