लाँड्रीतला शेजारी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इथे परदेशात, सनीव्हेलच्या आमच्या बिल्डिंगच्या लाँड्रीत दर रविवारी एक इराणी म्हातारा भेटतो. टॉवेलच्या घड्या घालत म्हणतो, "आमच्या राजाच्या, शहाच्या पोलिसांनी आजीच्या डोक्यावरचा रुमाल ओढला, मौलवींच्या पोलिसांनी बायकोच्या डोक्यावर बांधला. चौकी तीच."

मी खूप हसायचो.

एकदा त्याने विचारलं, "तुमच्याकडे धर्म आणि सरकार वेगळे ना?" उत्तर नीट ऐकू यावं म्हणून स्वतःचा ड्रायरही बंद केला. त्याच सकाळी, भावजी रागावू नयेत म्हणून, 'देश धर्मानेच चालावा' या त्यांच्या मेसेजला मी अंगठा दिला होता.

"कपडे वाळले माझे," म्हणत मी ओलेच शर्ट उचलले.

"आमच्याकडेही सगळे असेच ओले कपडे घेऊन घरी गेले," तो म्हणाला.

त्याला मी अजूनही एक उत्तर देणं लागतो.